तिशी ओलांडलेल्या इमारतींना नुसती नोटीस पुरणार नाही

मा. संपादक,

पावसाळा तोंडावर आला की धोकादायक वाड्यांना नोटिसा निघतात. पण नाशिकच्या कॉलेज रोड, इंदिरानगर, नाशिकरोड भागांतल्या १९९० च्या आगेमागे बांधलेल्या आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटच्या) इमारतींचीही तिशी उलटली आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ (अ) नुसार ३० वर्षांनंतर पालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी बंधनकारक आहे.

प्रत्यक्षात स्वस्तातले ऑडिट म्हणजे फोटो आणि हॅमर टेस्ट. रिबाउंड हॅमर फक्त वरचा थर ठोकून पाहतो आणि कार्बोनेशन झालेले (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे क्षारता गमावलेले) जुने काँक्रीट उलट जास्त कडक लागते! त्यामुळे अल्ट्रासोनिक पल्स (ध्वनिलहरींनी आतल्या काँक्रीटची तपासणी), निवडक कॉलमचे कोअर (आतून कापून काढलेले नमुने) आणि क्षारता दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिन द्रावणाची चाचणी हवीच. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर ते फवारल्यावर सळईलगत गुलाबी रंग आला नाही, तर सळईचे संरक्षण गेले असे समजावे.

दुरुस्तीतही तीच गत. पार्किंगच्या कॉलमची सळई गंजून फुगते, कव्हर म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर फोडते. त्यावर नुसते प्लॅस्टर थापले तर आत गंज चालूच राहतो. आधी टेकू देऊन सळईच्या मागेही सुमारे २० मिमी खोदायचे, गंज घासून लेप द्यायचा, व्यास फार घटला असेल तर जोडसळई टाकायची, मगच पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट. गच्चीवर जुना कोबा न काढता नवा चढवू नये. चार इंची थराचे वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जाते.

पैशाचे गणित आणखी कच्चे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीनुसार सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठीची राखीव वर्गणी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के. मूळ खर्च २ लाख धरला तर फ्लॅटमागे वर्षाला ५०० रुपये, तीस वर्षांत व्याज सोडून १५ हजार. एवढ्यात धड परांचीही उभी राहत नाही. अपार्टमेंट कायद्याखालच्या कित्येक इमारतींत तर फ्लॅटधारकांची असोसिएशन कागदावरच. नोटीस जिन्यात चिकटते आणि तिथेच राहते.

वर्गणी, ऑडिट, ठेकेदार ही रहिवाशांची जबाबदारी. ती टाळू नये. पालिकेने मंजूर नकाशे आणि आरसीसी ड्रॉइंग मागताच द्यावीत, ऑडिटचा एकच नमुना ठरवावा, विभागवार यादीत प्रत्येक इमारतीची सी-१ (रिकामी करून पाडण्याजोगी) ते सी-३ (किरकोळ दुरुस्तीची) श्रेणी आणि दुरुस्तीची स्थिती जाहीर करावी. सळई उघडी असताना, मॉर्टर भरण्यापूर्वी, पालिकेच्या अभियंत्याने एकदा पाहणी करावी. नंतर आत काय केले ते कुणालाच दिसत नाही. सी-१ इमारत रिकामी करायला लोक अडून बसतात ते बव्हंशी हक्क जाईल या भीतीने. तेव्हा घर सोडण्यापूर्वी प्रत्येकाचे कार्पेट क्षेत्र मोजून सही-शिक्क्याचा कागद त्याच्या हाती द्यावा.

– काही स्ट्रक्चरल इंजिनिअर, नाशिक