शब्दांना लाल रेघा मारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. काकूंना दाखवायला तुम्ही दर मंगळवारी आमच्या दवाखान्यात यायचात आणि मी माइकवर ‘गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी’ म्हणताना दर वेळी अडखळायचे. एकदा समोरच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, “दीदी, ट्रेन का नाम है क्या?” सगळा हॉल हसला. तुम्ही तेवढे हसला नाहीत. खिडकीशी येऊन बिल्ल्यावरचं आडनाव वाचलंत आणि सरळ मराठीत विचारलंत, “कुठली गं तू? रामबागेतली?” (रामबाग म्हणजे आमच्या इंदूरमधली मराठी वस्ती.)

मग पावतीच्या पाठीवर तो शब्द लिहून लाल पेनाने उभ्या रेघा मारल्यात. गॅस, ट्रो, एन, टे, रॉ, ल, जी. सात तुकडे. “वृत्ताचे गण पाडताना मारायचो, तशाच,” म्हणालात. (मला गण कुठले यायला! इंदूरच्या हिंदी शाळेत शिकलेली मी.) गॅस्ट्रो म्हणजे जठर, एन्टेरो म्हणजे आतडं, लॉजी म्हणजे शास्त्र. आणि आपण सगळी अक्षरं सारख्याच जोराने म्हणतो, तिथेच फसतो. इंग्रजीत खरा जोर एकाच तुकड्यावर, बाकीचे पुसट. ‘लॉजी’, ‘ग्राफी’ असेल तर शेवटून तिसरा: इथे ‘रॉ’. म्हणून ‘फोटोग्राफ’मध्ये ‘फो’ ठासून, पण ‘फोटॉग्रफी’त ‘टॉ’. ‘शन’ असेल तर त्याच्या लगेच आधीचा, ऑपरेशनमधला ‘रे’. ‘इक’चंही तसंच, इलेक्ट्रॉनिकमधला ‘ट्रॉ’. पॉलिटिक्स तेवढं नियम पाळत नाही. त्यावर तुम्ही जे बोललात ते इथे लिहीत नाही.

त्या आठवड्यात सिटी बसमध्ये मी बोटांवर तुकडे मोजत पुटपुटत होते. शेजारच्या बाई सरकून बसल्या.

पण खरे आभार ‘हायपो’ आणि ‘हायपर’चे. हायपो खाली, हायपर वर, इतकंच सांगितलं होतंत. पुढे थायरॉइडच्या दोन फायली माझ्या हातून अदलाबदल होऊन जाणार होत्या, त्या जागेवरच थांबल्या.

शेवटच्या मंगळवारी तुम्ही ‘ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी’ लिहून दिलंत: कान, नाक, स्वरयंत्र. आमच्या पाटीवर नुसतं ईएनटी आहे, तरी मी तो पाठ केलाय. नऊ तुकडे, जोर ‘गॉ’वर. बरोबर ना?

तुमचं लाल पेन माझ्याकडेच राहिलंय. खिडकी तीच आहे.

तुमची,
माइकवाली मुलगी