बाबांचे मार्क

सांगली, १४ जुलै

प्रिय मंगल,

"बाबांचा स्कोअर ४५वरून ७०वर गेला म्हणतात, मग ते भिंतीकडे तोंड करून का पडून असतात?" बाबांच्या अर्धांगाबद्दलच्या तुझ्या पत्रातलं हे वाक्य आठवडाभर डोक्यातून जात नाहीये. कारण हाच घोळ मी स्वतः घालून बसलेय.

खुब्याचं हाड मोडलेल्या एक आजी होत्या माझ्याकडे थेरपीला, वय ७८. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. याला आधी त्यांना ३१ सेकंद लागत, तीन आठवड्यांनी २२. मी खूश! बार्थेलमध्येही (बाबांचा स्कोअर तोच: रोजचं किती स्वतःचं स्वतः करतो त्याचे मार्क, जेवण, आंघोळ, कपडे, जिना अशा दहा गोष्टी, एकूण १००) 'स्वतःचं आवरणं' याचे ५ मार्क बिनदिक्कत देऊन टाकले. हात चालत होते ना. मग एका सकाळी त्यांच्या कपाटात नवा कंगवा दिसला, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा न काढलेला. वेणी रोज सून घालत होती. बार्थेलमध्ये माणूस काय करतो ते लिहायचं, काय करू शकेल ते नाही. परीक्षेला हे पाठ होतं गं! वर फाइलमध्ये 'व्यायामाला सहकार्य नाही' असा शेराही मीच मारला होता.

उदासीसाठी १५ प्रश्नांचा कागद असतो, उत्तरं फक्त हो किंवा नाही. म्हातारपणी झोप-भूक तशीही बिघडते, म्हणून त्याबद्दल त्यात विचारतच नाहीत. ५च्या वर गेलं की डॉक्टरांना सांगायचं. पहिल्यांदा मुलगा उशाशी उभा असताना विचारलं, आले २. दुसऱ्या दिवशी त्याला चहाला पिटाळलं, तर ९. 'बाहेर जाण्यापेक्षा घरीच बसावंसं वाटतं का?' यावर म्हणाल्या, "पाय मोडलाय बाई, जाऊ कुठं?" (खुब्याच्या पेशंटला हा प्रश्न म्हणजे चेष्टाच.) मग बराच वेळ चादरीचा काठ चिमटीत धरून बसल्या. "माझ्यापायी पोराची सगळी रजा संपली."

डॉक्टरांनी औषध सुरू केलं. चालणं काही लगेच सुधारलं नाही, पण मी तो शेरा खोडला.

अर्धांगानंतर साधारण तिघांतल्या एकाला उदासी गाठते, त्यामुळे बाबांचं 'वयच झालं' म्हणून सोडू नकोस. त्यांना बोलता येतंय हे नशीब, वाचा गेली असती तर हा कागद कुचकामी. रविवारी काकूंना घेऊन तू तासभर बाहेर जा, थेरपिस्टला त्यांच्यापाशी एकटं बसू दे. आणि दाढी कोण करतंय ते बघून मला कळव.

तुझी,
शुभा