पहिला कच्चा खर्डा माणसानेच लिहावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एआयमुळे माणसाची सर्जनशीलता संपणार का, यावर सध्या जिकडेतिकडे वाद चाललाय आणि त्यात दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो आता सगळं संपलं, दुसरा म्हणतो अहो हे नुसतं साधन आहे, कॅमेरा आला तेव्हाही लोक असंच ओरडत होते. मला दोन्ही पटत नाहीत म्हणून लिहायला बसले. मला काळजी वाटते ती आत्ता कुठे लिहायला, चित्रं काढायला, चाली लावायला शिकणाऱ्यांची, आणि त्यांच्याबद्दल या सगळ्या चर्चेत फार कोणी बोलतच नाही.

आधी कॅमेऱ्याचं. १८३९ मध्ये डागेरचं फोटो काढायचं तंत्र जगासमोर आलं आणि पुढे पोर्ट्रेट काढून पोट भरणाऱ्या कितीतरी चित्रकारांचा धंदा बसला हे खरंय. पण कॅमेऱ्याला फोटो काढायला त्या चित्रकारांची चित्रं लागत नव्हती, उजेड लागत होता. आजची एआय मॉडेल्स मात्र उभी राहिलीत तीच माणसांच्या लिखाणावर आणि चित्रांवर, आणि बहुतेकांना कोणी विचारलंसुद्धा नाही. २०२५ मध्ये अमेरिकेत अँथ्रॉपिक या एआय कंपनीने तिच्यावर खटला भरणाऱ्या लेखकांशी दीड अब्ज डॉलरची तडजोड केली, सुमारे पाच लाख पुस्तकं, पुस्तकामागे साधारण तीन हजार डॉलर. त्यातही मुद्दा होता तो पुस्तकांच्या पायरेटेड प्रती उतरवून घेतल्याचा, पुस्तकं वापरून मॉडेल शिकवणं त्या खटल्याच्या न्यायाधीशांनी चूक मानलंच नाही. म्हणजे विकत घेतलेल्या पुस्तकांवर मॉडेल शिकवलं तर लेखकाचा हक्क काय, हा प्रश्न त्याने काही सुटला नाही.

आता मशीनला नवीन काही सुचतच नाही असं मी म्हणणार नाही. मार्च २०१६ मध्ये अल्फागो हा संगणकाचा प्रोग्रॅम आणि कोरियाचे अव्वल खेळाडू ली सेडॉल यांच्यात गो या पटावरच्या खेळाचा सामना झाला, त्यातल्या दुसऱ्या डावातली ३७ वी चाल बघून जाणकारांना आधी ती चूकच वाटली होती, माणूस अशी चाल खेळण्याची शक्यता दहा हजारात एक असं त्या प्रोग्रॅमचंच गणित सांगत होतं आणि डाव शेवटी मशीनने जिंकला. सामनाही ४-१ ने जिंकला. पण जो एक डाव ली यांनी घेतला, चौथा, त्यात त्यांची ७८ वी चाल तितकीच अनपेक्षित होती, ती त्या मशीनलाही झेपली नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. तरी गोमध्ये हार-जीत ठरलेली असते, चाल बरोबर होती की नाही हे डाव संपल्यावर कळतं. कवितेत असं कोण सांगणार? दहा ओळी समोर असताना हीच ठेवायची आणि बाकी नऊ फाडून टाकायच्या हे कोणीतरी ठरवावं लागतं, आणि ते ठरवणारा माणूस काहीतरी जगलेला असतो, कशाने तरी दुखावलेला असतो, त्याला कोणाला तरी काहीतरी सांगायचंच असतं.

ही निवडीची नजर जन्मजात मिळत नाही हो. ती वाईट लिहून लिहून येते. पहिला खर्डा बहुतेक वेळा भिकारच असतो, दुसऱ्यात कळतं की आपल्याला जे म्हणायचंय ते अजून आलंच नाहीये, आणि तिसऱ्यात कधीतरी असं वाक्य उतरतं की आपलं आपल्यालाच आश्चर्य वाटतं. नेमका हाच कष्टाचा भाग आपण आता आयता मागतोय. कोरा कागद नको वाटतो म्हणून आधी एआयला विचारायचं आणि मग त्यावर हात फिरवायचा, आणि याला मदत म्हणायचं.

याचं काय होतं ते एका प्रयोगात फार स्पष्ट दिसलंय. २०२४ मध्ये सायन्स अॅडव्हान्सेस या नियतकालिकात तो छापून आला. सुमारे तीनशे लोकांना आठेक वाक्यांच्या छोट्या गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना एआयकडून कल्पना घ्यायची मुभा होती, काहींना नव्हती. ज्यांनी घेतल्या त्यांच्या गोष्टी वाचणाऱ्यांना जास्त चांगल्या वाटल्या, ज्यांना एरवी फारसं सुचत नाही त्यांना तर जास्तच फायदा झाला. पण सगळ्या गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या तर एआयवाल्या एकमेकींसारख्या निघाल्या. एकेकट्याचा फायदा आणि सगळ्यांचं मिळून नुकसान, हे इतकं सोपं गणित आहे की ते चटकन लक्षात येत नाही. आणि असं होणारच ना, जे शब्द एकमेकांपाठोपाठ येण्याची शक्यता जास्त तेच पुढे ठेवायला ही मॉडेल्स शिकलेली असतात.

दुसरं म्हणजे नवख्यांना पाय ठेवायला जी जागा असायची तीच चाललीय. छोट्या जाहिरातींचा मजकूर, मुलांच्या पुस्तकातली साधी चित्रं, किरकोळ अनुवाद, शीर्षकं, यात कोणी थोर कलाकृती करत नव्हतं पण यावर महिना निघायचा आणि हात तयार व्हायचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्लार्क्सवर्ल्ड या विज्ञानकथांच्या नियतकालिकाकडे एआयने पाडलेल्या कथांचा इतका पूर आला की त्यांना काही काळ कथा स्वीकारणंच बंद करावं लागलं. नावाजलेल्या लेखकाचं त्यात काय बिघडतं, त्याला ओळखी असतात. दार बंद झालं ते ज्याला कोणी ओळखत नाही त्याला.

उपाय नाहीत असं नाही. हॉलिवूडच्या लेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला आणि करारात लिहून घेतलं की एआयला लेखक धरायचं नाही, लेखकावर ते वापरायची सक्ती करायची नाही आणि हातात दिलेला मजकूर एआयने केलेला असेल तर तसं आधी सांगायचं. यातलं शेवटचं कलम मला वाटतं कुठल्याही वर्तमानपत्राला उद्यापासून पाळता येईल.

म्हणून आपल्याला कळकळीची विनंती. आपल्या अंकात एखादा लेख, अनुवाद किंवा चित्र एआयकडून करून घेतलं असेल तर तिथेच खाली तसं छापा, वाचकाला ते कळायलाच हवं. पुरवणीतली चित्रं शक्यतो माणसांकडून काढून घ्या आणि त्यांचं नाव द्या, मानधन द्या, थोडं का असेना. आणि नवोदितांसाठी आठवड्यातून अर्धं पान तरी राखून ठेवा, तिथे गुळगुळीत नसलेलं, अडखळणारं पण स्वतःचं असलेलं लिखाण येऊ द्या. जे नाकाराल त्यासोबत दोन ओळी कळवा की काय जमलं नाही आणि कुठे जमलं, तुमच्या उपसंपादकांवर कामाचा बोजा असतो याची मला कल्पना आहे, तरी महिन्याला पाच-दहा जणांना जरी असं उत्तर गेलं तरी चालेल.

आपली,
एक नियमित वाचक