फ्रान्सिसचा बाप

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. पहिल्या आठवड्यात मी जे लिहिलं असतं ते तुझ्या आईने पोस्टात पडू दिलं नसतं, म्हणून थांबलो. नोकरी सोडून कपुचिन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या वाटेने जाणाऱ्या संघातला संन्यासी, व्हायचं तू ठरवलंस, आणि शेवटी लिहिलंस, 'पप्पा, असिसीकर संत फ्रान्सिसचं चरित्र वाचा, म्हणजे माझं म्हणणं कळेल.' वाचलं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा गल्ल्यावर बसून वाचलं. पण माझं लक्ष सारखं दुसऱ्याच माणसाकडे जात राहिलं.

पिएत्रो दी बेर्नार्दोने, फ्रान्सिसचा बाप. इटलीतल्या असिसी गावचा कापडाचा व्यापारी, माझ्यासारखाच. माल घ्यायला फ्रान्सपर्यंत जायचा. मुलगा झाला ११८१ किंवा ११८२ साली, तेव्हाही म्हणे तिकडेच होता. आईने, पीकाने, पोराचा बाप्तिस्मा करून जोव्हान्नी नाव ठेवलं. हा परत आला आणि फ्रान्चेस्को म्हणू लागला. आपल्या वसईत घराआड एक फ्रान्सिस असतो, ते नाव एका कापडवाल्याने ठेवलेलं आहे. हे मला आजवर कुठल्या प्रवचनात ऐकायला मिळालं नव्हतं.

पोराला त्याने काही कमी केलं नाही. भारी कपडे, दोस्तांच्या मेजवान्या. १२०२ मध्ये शेजारच्या पेरुजा शहराशी लढाई झाली, पोरगा कैदेत पडला, वर्षभराने सुटला, आजारी पडला. बरा झाल्यावर सरदार व्हायला दक्षिणेकडे निघाला आणि स्पोलेतोहूनच माघारी आला. बापाने हेही सोसलं. मग सान दामियानोच्या पडक्या चर्चमध्ये क्रूसावरून आवाज आला, माझं घर मोडकळीला आलंय, ते दुरुस्त कर. हे वाक्य तू पत्रात लिहिलंस. त्याच्या पुढचं नाही लिहिलंस. फ्रान्सिसने बापाच्या दुकानातलं कापड घोड्यावर लादलं, फोलिन्योच्या बाजारात विकलं, घोडाही विकला आणि पैसे सान दामियानोच्या धर्मगुरूंना द्यायला गेला. धर्मगुरू शहाणे, त्यांनी घेतले नाहीत. ह्याने थैली खिडकीत फेकली.

मी ताग्याताग्याचा हिशेब ठेवणारा माणूस. पिएत्रोचा राग मला समजतो. त्याने पोराला घरात कोंडलं ते मात्र चुकलंच. तो गावाला गेल्यावर आईने सोडवलं. (हे वाचून दाखवलं तर तुझी आई नुसती हसली.) शेवटी १२०६ मध्ये प्रकरण बिशप ग्वीदोंपुढे गेलं. बिशप म्हणाले, पैसे परत कर. फ्रान्सिसने पैसे दिलेच, वर अंगावरचे कपडेही काढून ठेवले, आणि सगळ्यांदेखत सांगितलं की आजवर पिएत्रोला बाप म्हणत होतो, आता 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणेन. बिशपनी त्याला आपल्या झग्यात घेतलं.

असिसीच्या बॅसिलिकात ह्या प्रसंगाचं भित्तिचित्र आहे. पिवळ्या झग्यातला पिएत्रो, एका हातावर पोराचे कपडे, आणि मागून कुणीतरी त्याला हात धरून आवरतंय. मी बराच वेळ त्या कपड्यांकडे बघत होतो.

पुढचं तुला माझ्याहून जास्त ठाऊक. १२०९ मध्ये पोप तिसरे इनोसंट यांनी फ्रान्सिसच्या संघाला दिलेली तोंडी मान्यता, क्रूसयुद्ध चालू असताना इजिप्तचा सुलतान अल-कामिल याची भेट, १२२३ मध्ये ग्रेच्चो गावात मांडलेली नाताळची गव्हाणी. त्या गव्हाणीमुळेच तर तू दर डिसेंबरात माझ्या दुकानातली गोणपाटं पळवायचास. १२२६ मध्ये फ्रान्सिस गेला, दोन वर्षांत संत जाहीर झाला. मी कोण त्याला नावं ठेवणारा?

पण एक गोष्ट घशात अडकली आहे. त्या दिवसानंतर बाप रस्त्यात भेटला की शिव्याशाप द्यायचा. तेव्हा फ्रान्सिसने एका गरीब माणसाला सोबत घेतलं. बापाने शाप दिला की त्या माणसाने क्रूसाची खूण करून आशीर्वाद द्यायचा, बदल्यात भिक्षेतला वाटा. असिसी ते केवढं गाव! पुन्हा पुन्हा समोरासमोर यायचं, आणि सख्खा बाप असताना आशीर्वाद दुसऱ्याकडून घ्यायचा.

तुझा निर्णय मला पटलेला नाही, हे स्पष्ट लिहितो. दुकान वाढवलं ते कुणासाठी, हे विचारायचं होतं, तेही आता विचारून झालं. पण आशीर्वादासाठी दुसरा माणूस शोधायची पाळी तुझ्यावर येणार नाही. वर पहिल्याच ओळीत लिहिलंय ते सवयीने लिहिलेलं नाही. पुन्हा वाच.

आणि तुमच्या त्या तपकिरी झग्याला कापड कुठलं लागतं, पन्ना किती, मीटर किती, ते विचारून कळव. बाहेरून घेऊ नकोस. मी पाठवतो. बिल मात्र फाडीन, शून्य रुपयांचं का होईना. तागा दुकानातून गेला की वहीत दिसला पाहिजे.

तुझा,
पप्पा