रोपांच्या फोटोंआधी राखेचा हिशेब द्या

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की नागपूर जिल्ह्यातील कंपन्यांच्या वृक्षारोपणाची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकू लागतात. रोपे लावण्याला कोणाची हरकत असायचे कारण नाही (रोपाभोवतीच्या जाळीवरचे कंपनीचे नाव बहुधा रोपापेक्षा अधिक काळ टिकते, एवढेच). परंतु निसर्गाविषयी उद्योगांची जबाबदारी म्हणजे हा सीएसआरचा (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा) खर्च, हा जो समज रुजत चालला आहे, तो कायद्यालाही धरून नाही. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. मात्र अन्य कायद्याने बंधनकारक असलेले काम या खात्यात दाखवता येत नाही, असे त्याचेच नियम सांगतात. म्हणजे सांडपाणी शुद्ध करणे आणि कोळसा जाळल्यावर उरणारी राख आवरणे हा धंद्याचाच खर्च आहे, आणि जबाबदारी मोजायची तर ती तिथूनच मोजली पाहिजे.

आपल्या शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही दोन मोठी औष्णिक वीज केंद्रे आहेत. आपल्याकडील कोळशात साधारण 30 ते 45 टक्के राख असते. त्यामुळे वीज जितकी अधिक, तितका राखेचा डोंगरही मोठा. ही राख पाण्यात कालवून तलावात सोडली जाते, आणि तलाव धड नसला तर काय होते, ते जुलै 2022 मध्ये खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला तेव्हा भोवतालच्या गावांनी पाहिले. राखेचा गाळ शेतात आणि नाल्यात शिरला. त्याच्या काही महिने आधीच, 31 डिसेंबर 2021 रोजी, केंद्र सरकारने राखेचा शंभर टक्के वापर बंधनकारक करणारी आणि कसूर करणाऱ्याकडून भरपाई घेण्याची तरतूद असलेली अधिसूचना काढली होती. नियम नव्हता, असे म्हणायची सोय नाही.

याच कोराडीचे दुसरे उदाहरणही सांगितले पाहिजे. भांडेवाडी येथे प्रक्रिया केलेले शहराचे सांडपाणी या केंद्राला पुरवले जाते. त्यामुळे एरवी लागणाऱ्या ताज्या पाण्यावरचा तेवढा भार कमी होतो. हे काम सीएसआरच्या पैशातून झालेले नसून वीज तयार करण्याच्या पद्धतीतच बदल केल्याने झाले आहे, आणि माझ्या मते कितीही रोपांपेक्षा त्याचे मोल जास्त आहे.

अडचण आहे ती हिशेब पाहायला मिळण्याची. शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीच्या आदेशानुसार 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना व्यवसाय उत्तरदायित्व आणि शाश्वतता अहवाल देणे बंधनकारक झाले. पाणी, ऊर्जा, उत्सर्जन, कचरा असे सारे त्यात येते. तथापि कोराडी आणि खापरखेडा केंद्रे चालवणारी राज्य सरकारची कंपनी महानिर्मिती शेअर बाजारात सूचीबद्ध नसल्याने तिच्यावर हे बंधन नाही. कोळसा खाणी चालवणाऱ्या वेकोलिची (वेस्टर्न कोलफिल्ड्स) मूळ कंपनी कोल इंडिया सूचीबद्ध आहे, पण तिचे आकडे अनेक राज्यांतील खाणींचे एकत्रित असतात, त्यावरून उमरेडच्या खाणीतून उपसलेले पाणी कुठल्या नाल्यात गेले, हे तेथील शेतकऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीतील लहान कारखान्यांचा तर त्यात उल्लेखही येत नाही. हा अहवाल गुंतवणूकदारासाठी आहे, आणि बोअरचे पाणी पिणारा माणूस गुंतवणूकदार नसतो.

यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. पर्यावरण संरक्षण नियमांखाली प्रदूषण मंडळाची संमती घ्यावी लागणाऱ्या कारखान्याला दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत मंडळाकडे पर्यावरण विवरणपत्र द्यावे लागते. किती पाणी वापरले, किती प्रदूषण बाहेर सोडले, किती घनकचरा निघाला आणि तो कुठे टाकला, याची माहिती कारखान्यागणिक त्यात असते. ज्या प्रकल्पांना पर्यावरणावरील परिणामांच्या मूल्यांकनाविषयीच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी मिळाली आहे, त्यांचे 1 जून आणि 1 डिसेंबरचे सहामाही अनुपालन अहवालही (मंजुरीच्या अटी पाळल्या की नाही, हे सांगणारे) सार्वजनिक दस्तऐवज मानले गेले आहेत. परंतु इंग्रजीतला, तक्त्यांनी भरलेला दस्तऐवज संकेतस्थळाच्या कोपऱ्यात पडून राहिला, तर त्याला सार्वजनिक म्हणणे ही केवळ औपचारिकता ठरते.

म्हणून जिल्हाधिकारी आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर प्रादेशिक कार्यालयास विनंती आहे की, या पर्यावरण विवरणपत्राची मराठी प्रत कारखान्यालगतच्या ग्रामपंचायतीच्या सूचना फलकावर लावण्यास आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ती वाचून दाखवण्यास उद्योगांना सांगावे. कारखान्याचा जबाबदार अधिकारी त्या सभेला उपस्थित असावा आणि त्याची उत्तरे इतिवृत्तात नोंदवली जावीत.

आपला,
एक वाचक, नागपूर