मान कडकावून घेण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मंगल कार्यालयात दोन दिवसांचे मणका शिबिर, बाहेर फ्लेक्स, आत रांग. आणि मोबाइलवर मानेचा 'कड्' आवाज ऐकवणाऱ्या रील्स. मराठवाड्यात कायरोप्रॅक्टिक (मणक्यांवर हाताने करायचे उपचार) हा शब्द लोकांच्या कानावर पडला तो असा. त्यामुळे मानेच्या वरच्या मणक्यांवर हलक्या हाताने केले जाणारे उपचार आणि मान धरून दिलेला झटका या दोन्ही गोष्टी एकच समजल्या जातात. त्या एक नाहीत. पहिली योग्य रुग्णाला उपयोगी पडते, दुसरी आपल्याकडच्या परिस्थितीत आम्हा फिजिओथेरपिस्टांना मान्य नाही.

मानेत सात मणके. सगळ्यात वरचा ॲटलास म्हणजे नुसती हाडाची कडी. त्याखालच्या ॲक्सिसमधून एक खुंटी वर येते आणि या कडीत बसते. जात्याची वरची तळी मधल्या खिळ्याभोवती फिरावी तशी कवटीसकट ही कडी खुंटीभोवती फिरते. मान डावी-उजवीकडे वळते त्यातले जवळजवळ निम्मे वळणे या एकाच सांध्यात होते. इथे गादी नसते, ना कवटी आणि ॲटलासमध्ये, ना ॲटलास आणि ॲक्सिसमध्ये. तेव्हा 'वरच्या मणक्याची गादी सरकली' असे कोणी सांगितले तर त्याच्या हाती मान देऊ नये. खुंटीला जागेवर धरून ठेवतो तो एक आडवा अस्थिबंध (लिगामेंट), आणि त्याला लागूनच मागे मज्जारज्जू. दोन्ही बाजूंनी व्हर्टिब्रल धमन्या सहाव्या मणक्यापासून हाडातल्या छिद्रांतून वर चढतात, ॲटलासवर वळसा घेतात आणि कवटीत शिरतात. मान मागे झुकवून, वळवून झटका दिला की ताण नेमका या वळशावर येतो. क्वचित धमनीचे आतले अस्तर फाटते, तिथे गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली तर लकवा. हे टेबलावरच घडेल असे नाही. काही तासांनी, कधी काही दिवसांनीही घडते. दुसरी अडचण अशी की अस्तर फाटल्याचे पहिले लक्षण मानदुखी किंवा डोकेदुखी हेच असू शकते. म्हणजे आधीच फाटलेली धमनी घेऊन माणूस मान कडकावून घ्यायला येतो. 'असे कधी दुखले नव्हते' म्हणणाऱ्याच्या मानेला आधी हात लावू नये, डॉक्टरांकडे पाठवावे.

आवाजाबद्दल थोडेसे. सांध्यातल्या वंगणात दाब एकदम कमी होऊन वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. बोटे मोडताना येतो तोच. हाड जागेवर बसल्याचा त्यात काही पुरावा नाही, आवाज आला नाही म्हणून उपचार फसला असेही नाही.

'अलाइनमेंट'चे, म्हणजे मणके नीट रेषेत असण्याचे, प्रकरण जरा खोल आहे. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी कायरोप्रॅक्टिकची सुरुवात केली. मणका सरकला की रोग होतो, ही मूळ कल्पना त्यांची. पुढे ॲटलासवरच भर देणाऱ्या पद्धती निघाल्या. त्यांत एक्स-रेवर ॲटलासचा कल अंशांत मोजतात आणि कुशीवर झोपवून कानाखाली अगदी हलका दाब देतात. दाब सौम्य, हे चांगलेच. पण दोन-तीन अंशांचा कल धडधाकट माणसातही सापडतो, आणि एक्स-रे काढताना डोके जरा वळले तरी आकडा बदलतो. त्यामुळे 'आधी' आणि 'नंतर'ची फिल्म शेजारी लावून दाखवली तर भारावून जाऊ नये. दुखणे किती कमी झाले, मान किती वळू लागली, हे विचारावे. रक्तदाबाचेही तसेच. ॲटलासच्या उपचाराने रक्तदाब उतरल्याचा २००७ चा एक छोटा अभ्यास आहे, शिकागोतला, ५० जणांवरचा. तेवढ्यावर बीपीची गोळी बंद करायला सांगणे हा गुन्हाच समजावा.

मग हलका उपचार कोणाला लागू पडतो? मानेतून निघणाऱ्या डोकेदुखीला. ही बहुधा एकाच बाजूला असते, मानगुटीपासून सुरू होऊन डोळ्यामागे जाते आणि मान वळवली की वाढते. वरच्या तीन मज्जातंतूंचे आणि चेहऱ्याच्या संवेदनांचे तंतू आत एकाच केंद्रात मिळतात, म्हणून दुखते मानेत आणि जाणवते डोळ्यात. तपासणी अशी: रुग्णाला उताणे झोपवून हनुवटी छातीकडे पूर्ण वाकवायची आणि मान तशीच ठेवून डोके एकेका बाजूला वळवायचे. वाकल्यामुळे खालचे मणके अडतात, फिरते ती फक्त ॲटलास-ॲक्सिसची जोडी. निरोगी मानेत प्रत्येक बाजूला सुमारे ४५ अंश मिळतात. एका बाजूला ३२-३३ च्या आत अडले तर सांधा आखडला आहे असे धरतात.

उपचाराच्या वेळी कानामागच्या हाडाचे टोक आणि जबड्याचा कोन यांच्यामध्ये ॲटलासचे आडवे टोक बोटाला लागते. तिथे किंवा मागच्या बाजूने, बोटाच्या पेराने, सेकंदाला एक-दोन अशा लयीत ३० ते ६० सेकंद दाबायचे आणि सोडायचे. थोडी विश्रांती, पुन्हा दोन-तीन फेऱ्या. दाबणाऱ्याच्या नखाचा रंग उतरला तर जोर साधारण ४ किलोवर गेला, इतका नको. मग तीच वळवण्याची तपासणी पुन्हा करून फरक पाहायचा. हलक्या उपचाराची खरी खूण मात्र वेगळी आहे: रुग्ण 'थांबा' म्हणाला की त्या क्षणी थांबता येते. झटक्यात ते जमत नाही, तोंड उघडायच्या आत तो देऊन झालेला असतो. तीन-चार बैठकांत काहीच हलले नाही तर निदान पुन्हा तपासावे. वीस बैठकांचे पैसे आधीच घेणाऱ्याला हे परवडत नाही.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटसारख्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालते, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. वर्षानुवर्षे यापेक्षा पुष्कळ जास्त पोटात गेले की अस्थिबंधांत चुना भरतो, पाठीचा कणा ताठ होतो, मज्जारज्जूची वाट अरुंद होते. दातांवर तपकिरी पट्टे दिसले की आधी गाव आणि पाणी विचारावे. दुसरी गोष्ट ऊसतोडीची. चुंबळीवर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्यांची मान हंगाम संपल्यावर दुखते तेव्हा 'शीर चढली' म्हणून सोडून देतात. हाताला मुंग्या, बटण लावताना बोटे न वळणे, चालताना तोल जाणे, यांपैकी काही असेल तर आधी एमआरआय. संधिवात, म्हणजे सकाळी बोटांचे सांधे तासभर आखडलेले राहणारा तो, असेल तर खुंटीचा अस्थिबंध सैल झालेला असू शकतो. रात्री वाढणारे दुखणे, संध्याकाळचा ताप आणि उतरलेले वजन दिसले तर मणक्याचा क्षयरोग आधी आठवावा.

अंथरुणात कूस बदलताना काही सेकंद घर फिरते, त्याला सगळे 'सर्व्हायकल'ची चक्कर म्हणतात. बहुतेक वेळा ती कानातली असते आणि डोक्याच्या ठरावीक हालचालींनी एक-दोन वेळांतच जाते. मानेचा पट्टा गळ्यात घालून महिनोन्‌महिने हिंडणारे यात पुष्कळ. पट्ट्याने चक्कर तर जात नाहीच, मानेचे स्नायू मात्र ढिले पडतात.

हलक्या हाताला व्यायामाची जोड हवीच. ऑस्ट्रेलियात २०० रुग्णांवर झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हाताचे उपचार आणि व्यायाम या दोन्हींनी मानेची डोकेदुखी कमी झाली, आणि वर्षभराने पाहिले तरी फायदा टिकून होता. घरी असे करावे: उताणे, गुडघे वाकवून झोपावे. डोक्याखाली टॉवेलची घडी, कपाळ आणि हनुवटी एका पातळीत येतील इतकीच. डोके न उचलता, 'हो' म्हणताना हलते तेवढीच हनुवटी गळ्याकडे घ्यावी. १० सेकंद धरावे, १० वेळा, दिवसातून दोनदा. कानामागून छातीच्या हाडाकडे उतरणाऱ्या स्नायूवर दोन बोटे ठेवावीत. तो दोरीसारखा ताठरला तर जोर जास्त होतोय, खोलचे स्नायू काम करत नाहीत. श्वास रोखणे ही यातली नेहमीची चूक.

उपचार करणाऱ्याला शिक्षण विचारायला संकोच नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शिकेत कायरोप्रॅक्टरच्या पूर्ण शिक्षणासाठी किमान ४,२०० तास सांगितले आहेत; शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत ते बसत नाहीत. आपल्याकडे या शाखेची स्वतंत्र सरकारी परिषद नाही. फिजिओथेरपिस्टचा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांहून अधिक काळाचा असतो आणि राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक मागता येतो.

आणि मान कडकावून आल्यावर बोलणे अडखळले, एकाच्या दोन वस्तू दिसल्या, गिळताना ठसका लागला, तोल गेला किंवा अर्धे अंग बधिर झाले, तर 'वारं गेलं' म्हणून झाडपाल्याच्या मागे न लागता १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तालुक्याहून जिल्ह्याला पोचण्यातच त्यातला बराच वेळ जातो. डॉक्टरांना 'मानेला झटका दिला होता' हे आपणहून सांगावे. ते कळले तरच मेंदूबरोबर मानेच्या धमन्यांचाही सीटी स्कॅन होतो.

आपले,
मराठवाड्यातील काही फिजिओथेरपिस्ट