इंग्रजीची पदवी आणि ‘वहिवाट’

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पदवीचे निकाल लागले की ओळखीतले पालक मला हमखास एकच प्रश्न विचारतात : ‘सर, मुलीने इंग्रजीत एम.ए. केले तर पुढे बी.एड.च ना?’ कनिष्ठ महाविद्यालयात आयुष्यभर इंग्रजी शिकवल्यामुळे या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे मला सोपे होते आणि अनेक वर्षे मी तसेच म्हणत आलो, हे आधीच कबूल करतो.

शिकवण्याचा पेशा वाईट नाही, पण त्याची वाट फार अरुंद झाली आहे. शाळेसाठी दोन वर्षांचे बी.एड., मग अभियोग्यता परीक्षा आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलची प्रतीक्षा. वरिष्ठ महाविद्यालयासाठी एम.ए.ला किमान ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गासाठी ५०) आणि शिवाय सेट किंवा नेट ही पात्रता परीक्षा. एवढे करूनही अनेकांच्या वाट्याला तासिका तत्त्वावरचे, म्हणजे ‘सीएचबी’चे काम येते. माझे काही गुणी विद्यार्थी आज तेच करीत आहेत.

दुसरीकडे, १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात सुरू झाले असून सोलापूरसह सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आले आहेत. आपल्या तालुका व जिल्हा न्यायालयांतील जबाब, पंचनामे आणि महसुली कागद बहुतांशी मराठीत असतात, तर घटनेच्या ३४८व्या अनुच्छेदामुळे उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. त्यामुळे अपिलात जाणाऱ्या प्रकरणाचे कागद कोणाला तरी इंग्रजीत आणावेच लागतात.

हे काम वाटते तितके सोपे नाही. ‘वहिवाट’ हा एकच शब्द घ्या. तो कुठे प्रत्यक्ष ताबा सांगतो, कुठे जमीन कसणे, तर कुठे बांधावरून जाण्या-येण्याचा रूढ हक्क. या तिन्हींसाठी इंग्रजीत वेगवेगळे शब्द आहेत आणि चुकीचा शब्द पडला तर दाव्याचा अर्थच फिरतो. ‘खातेफोड’ (जमिनीच्या खात्याची विभागणी) आणि ‘फेरफार’ (हक्कनोंदीतील बदल) यांचीही गत तीच. (मोबाइलवरच्या भाषांतराला ‘बांध’ दिला, तर शेताच्या हद्दीऐवजी धरण हाती येण्याची भीती असते.) इथे शेक्सपिअर वाचून वाक्याचे वजन ओळखायला शिकलेला, पण सातबाराही वाचता येणारा माणूस लागतो.

असा माणूस सोलापुरात घडणे खरे तर सर्वांत स्वाभाविक आहे. घरात तेलुगू किंवा कन्नड, शेजारी दखनी आणि शाळेत मराठी, अशा तीन भाषांत वावरणारी मुले आमच्या वर्गात नेहमीच होती. मात्र इंग्रजी बोलताना तेलुगू हेल येतो म्हणून त्यांना संकोचायला लावण्यातच आम्ही शिक्षकांनी वेळ घालवला. अक्कलकोटकडच्या एखाद्या मुलाला कन्नड कागदही वाचता येत असेल, तर ते त्याचे भांडवल आहे, हे त्याला कुणी सांगितलेच नाही. टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखानदारांनाही परदेशी ग्राहकाशी नेमका आणि नीट पत्रव्यवहार करणारी माणसे हवीच असतात, पण तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या इंग्रजी अभ्यास मंडळास माझी विनंती एवढीच, की एम.ए.च्या अभ्यासक्रमात मराठी-इंग्रजी व्यावहारिक अनुवादासाठी पूर्ण एक पेपर असावा आणि त्याच्या प्रश्नपत्रिकेत कवितेबरोबर फिर्याद, खरेदीखत आणि निकालपत्रातील उतारेही यावेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात आलेले ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ विद्यार्थ्यांना वकिलांच्या कार्यालयात करता आले, तर त्यासाठी वेगळा खर्चही पडणार नाही. माझ्या परिचयातील एका वकिलांनी पुढील सत्रात दोन विद्यार्थी घेण्याची तयारी दाखवली आहे. महाविद्यालयाने पत्र दिले की काम सुरू होऊ शकेल.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, सोलापूर